शॉकअप गाडी उचलत नाही

मनवेलपाड्यात, किंवा विरार पूर्वेच्या कुठल्याही गॅरेजसमोर, जुनी फोर बाय फोर येऊन थांबली की मालक दोनपैकी एक प्रश्न विचारतो. ‘मिस्त्री, गाडी फार आदळते, शॉकअप बदलायचे का?’ किंवा, ‘गाडी मागून बसलीय, नवे शॉकअप टाकले की उचलेल ना?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. पहिल्याचं उत्तर ‘बघावं लागेल’. काय बघायचं, कसं बघायचं आणि बदलायचेच ठरले तर कोणते घ्यायचे, हे या प्रकरणात पाहू.

जुनी फोर बाय फोर म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा पाट्यांवरची, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पानांच्या लीफ स्प्रिंगवरची गाडी. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली आणि तीन दशकांहून अधिक काळ बनत राहिली. तिच्या चारही चाकांना पाटे. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीस जीप जुळवायला घेतली. तिच्या वंशातल्या एमएम ५४०सारख्या जीपगाड्याही पाट्यांच्याच. २०१० साली आलेल्या पहिल्या थारमध्ये मागे पाटे होते. तिच्या सीआरडीई इंजिनाच्या प्रकारात पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन वजन पेलणारी पोलादी सळई. यातली गाडी विरारमध्ये असेल तर तिचा आठवडा गतिरोधक, पेव्हर ब्लॉक आणि पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात जातो. सुट्टीला ती शिरसाड फाट्यावरून पारोळ-वज्रेश्वरीकडे वळते, नाहीतर मनोर-विक्रमगड करत जव्हारला. वर्षभर खाडीची खारी हवा लागते ती वेगळीच. या हवेमुळे होणारं नुकसान पुढे येईलच.

१. वजन एकाचं, शांतता दुसऱ्याची

बँकेच्या किंवा दवाखान्याच्या काचेच्या दाराला वरच्या बाजूला एक डबी असते. दार उघडून सोडलं की ते आपोआप मिटतं, पण धाडकन आपटत नाही. डबीत दोन गोष्टी असतात. स्प्रिंग दाराला मागे ओढते आणि तेल त्या ओढीला लगाम घालतं. तेल गळून गेलं तरी दार मिटतंच, फक्त काच फुटेल इतक्या जोरात. उलट स्प्रिंग तुटली तर डबीत कितीही नवं तेल घाला, दार उघडंच राहील.

गाडीत हीच दोन कामं दोन वेगळ्या भागांना दिलेली आहेत. गाडीचं वजन पाटे, कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार पेलतात. खड्ड्यात चाक गेलं की तेच दबतात आणि तेच उसळी घेतात. शॉकअपच्या नळीतलं तेल फक्त ती उसळी जिरवतं. गाडी उभी असताना साधा तेलाचा शॉकअप काढून बाजूला ठेवला तरी गाडीची उंची जिथल्या तिथे राहते. गॅसचा असेल तर किंचित फरक पडेल, तोही मोजायला टेप लागेल इतकाच.

म्हणून गाडी बसली असेल तर दुखणं पाट्यांचं आहे. पाटे थकून सपाट झाले असतील, एखादं पान मोडलं असेल, नाहीतर शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे, बुश खाल्ले गेले असतील. नव्या शॉकअपवर खर्च केल्यावर हे कळतं तेव्हा मालकाला फार लागतं. पाटे कमानवाल्याकडून पुन्हा वाकवून घेणं किंवा नवे टाकणं, हाच त्याचा इलाज.

२. नळीच्या आत काय चालतं

शॉकअप म्हणजे तेलाने भरलेली बंद नळी. तिच्यात एक दट्ट्या वर-खाली होतो आणि दट्ट्याला बारीक भोकं असतात. चाक उडालं की दट्ट्याला तेलातून वाट काढावी लागते. हळू हलला तर तेल सहज जातं. झटक्यात हलला तर तेल अडतं आणि विरोध वाढतो. भोकांवर पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की त्या वाकतात आणि वाट मोकळी करतात. शॉकअप ‘कडक’ की ‘मऊ’ हे प्रामुख्याने या चकत्या ठरवतात. बाहेरची नळी किती जाड आहे त्यावर ते फारसं ठरत नाही.

उसळीतली ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप तापलेले असतात ते यामुळे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

शॉकअप दोन्ही दिशांना सारखा विरोध करत नाही. चाक वर येताना तो थोडा सैल असतो, कारण तिथे जास्त अडवलं तर खड्ड्याचा धक्का सरळ चासीला बसेल. चाक परत खाली जाताना तो घट्ट धरतो, कारण दबलेला पाटा साठवलेली सगळी ताकद तेव्हाच सोडत असतो. ही परतीची उसळी आवरणं हेच मूळ काम, हे मोटारी नव्या होत्या तेव्हाच लोकांच्या ध्यानात आलं होतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे क्लॉड फॉस्टर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘गॅब्रिएल’ नावाचा मोटारीचा भोंगा बाजारात आणला आणि नंतर एक पट्ट्याचं साधन काढलं. चाक वर येताना पट्टा सैल पडायचा; चाक खाली जाऊ लागलं की आवळून धरायचा. तेल नाही, नळी नाही, तरी काम बरंचसं व्हायचं. त्याच गॅब्रिएल नावाची भारतीय कंपनी १९६१ साली आपल्या मुलुंडमध्ये सुरू झाली, आणि आज महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांखाली वाकून पाहिलं तर ते नाव हमखास दिसतं.

३. दोष नेमका कुणाचा?

‘गाडी आदळते’ या दोन शब्दांत तीन वेगळी दुखणी लपलेली असतात. ती वेगळी केल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

पहिलं दुखणं म्हणजे गाडी कडक झालीय, प्रत्येक बारीक खड्डा कमरेला जाणवतो. इथे शॉकअप बहुधा निर्दोष असतो. पाट्याची पानं एकमेकांवर घासत सरकतात तेव्हाच पाटा लवचिक राहतो. विरारसारख्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात पानांमध्ये गंज भरतो, पानं एकमेकांना चिकटतात आणि पाटा एकसंध लोखंडी पट्टीसारखा वागू लागतो. अशा गाडीला महागडा कडक शॉकअप लावला तर दुखणं वाढेल. पाटे उतरवून पानं सुटी करावीत, तारेच्या ब्रशने घासावीत, ग्रॅफाइट ग्रीस लावून परत बांधावीत. त्याआधी टायरमधली हवा तपासा. जाड टायर टाकल्यावर सवयीने ठासून हवा भरणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची तक्रार हवा कमी केल्यावर तिथेच मिटते.

दुसरं दुखणं म्हणजे खडखड. स्पीडब्रेकरवर खालून ‘टक टक’ येतं. बऱ्याचदा शॉकअपच्या डोळ्यातलं (टोकाच्या कड्यातलं) रबर, म्हणजे बुश, संपलेलं असतं आणि लोखंड लोखंडावर आपटत असतं. पाट्यांचे यू बोल्ट ढिले असले तरी असाच आवाज येतो, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं मुळीच नाही, कारण अॅक्सल पाट्यावर त्याच बोल्टांनी धरलेला असतो.

तिसरं दुखणं खरोखर शॉकअपचं. हायवेवर पुलाच्या जोडावरून गेल्यावर गाडी एकदा नव्हे, दोन-तीनदा डुलते. वळणात खड्डा आला की मागचा भाग बाजूला उडी मारतो. कच्च्या रस्त्यावर ठरावीक वेगाला स्टिअरिंग हलकं होतं आणि गाडी तरंगल्यासारखी वाटते.

हे शेवटचं लक्षण एका हिशोबाने समजून घेऊ. वाहनांच्या वर्दळीने मातीच्या रस्त्यावर आडव्या बारीक लाटा उठतात. दोन लाटांमध्ये एक मीटर अंतर आहे असं धरा. ताशी ४० किमी वेग म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. म्हणजे चाकाला सेकंदाला ११ ठोके. टायर आणि पाटा यांच्यामध्ये धरलेलं चाक-अॅक्सल स्वतःहून थरथरतं तेही सेकंदाला १० च्या आसपास. ठोके आणि थरथर जुळली की चाक जमिनीवर कमी आणि हवेत जास्त राहतं. चाक हवेत असेल तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नावालाच. ही थरथर मोडून काढण्याचं मुख्य काम शॉकअपचंच असतं. म्हणून मी शॉकअपला आरामाचा भाग मानत नाही. तो ब्रेकच्या रांगेतला भाग आहे.

आता तपासणी. बोनेटचा कोपरा दाबून सोडायचा आणि गाडी किती वेळा डुलते ते मोजायचं, ही रीत सगळ्यांना माहीत आहे. कॉइल स्प्रिंगच्या मऊ गाडीला ती बरी. पाट्यांच्या जीपला ती फसवते, कारण पानांचं घर्षणच गाडीला थांबवतं आणि मेलेला शॉकअपही पास होतो.

त्यापेक्षा उष्णतेची परीक्षा चांगली. खडबडीत रस्त्यावरून आठ-दहा किलोमीटर गाडी चालवा, सपाट जागी थांबवा आणि चारही शॉकअपच्या नळ्यांना हाताची मागची बाजू हळूच लावून बघा. सायलेन्सरपासून हात लांब ठेवा. एकाच अॅक्सलवरच्या दोन नळ्या साधारण सारख्याच कोमट लागायला हव्यात. एक गरम आणि दुसरी गार असेल तर गार असलेली काम करत नाही.

मग नळीकडे नीट पाहा. वरच्या सीलपाशी तेलाचा पुसट ओलावा आणि त्यावर बसलेली धूळ चालते; दट्ट्याचा दांडा आत-बाहेर करताना तेलाचा पातळ थर बाहेर आणतोच. पण नळी खालपर्यंत ओली असेल, धुळीचा चिकट लगदा झाला असेल, थेंब लोंबत असेल, तर सील गेलं. दांड्याच्या चकचकीत क्रोमवर गंजाचे ठिपके आले असतील तर सील आज ना उद्या जाणारच, कारण प्रत्येक उसळीत ते ठिपके रबर खरवडतात. खाऱ्या हवेतल्या गाड्यांचे शॉकअप बहुधा असेच मरतात.

शंका उरलीच तर खालचा नट काढून शॉकअप हाताने दाबा-ताणा. पूर्ण लांबीभर सलग, जड विरोध जाणवला पाहिजे. मध्ये कुठे एकदम पोकळ लागलं, तर आतलं तेल कमी झालंय किंवा चकत्या तुटल्यात.

४. तेलाचा, गॅसचा की एका नळीचा?

दुकानात तीन जाती मिळतात. सर्वात साधा तेलाचा शॉकअप. त्यात नळीच्या आत नळी असते आणि बाहेरच्या नळीत थोडी हवा. दांडा आत शिरला की तेवढं तेल बाहेरच्या नळीत जातं. लांब खडबडीत रस्त्यावर ही हवा तेलात मिसळून फेस होतो. फेस भोकांतून अलगद निघून जातो, विरोध उरत नाही. थंड झाला की शॉकअप पुन्हा ठीक, म्हणून गॅरेजमध्ये दोष सापडत नाही.

दुसरी जात याच रचनेची, पण हवेऐवजी थोड्या दाबाचा नायट्रोजन भरलेला. दाबाखाली फेस कमी होतो. तिसरी जात एकाच नळीची. तिच्यात तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये सरकता पडदा असतो, त्यामुळे ते मिसळतच नाहीत. फ्रान्समधले द कार्बों आणि जर्मनीतली बिल्स्टाइन कंपनी यांच्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यावर ही रचना रस्त्यावर आली. तिची उष्णता लवकर निघते. पण तिची बाहेरची नळी हीच दट्ट्याची नळी असते. दगड लागून तिला पोचा पडला की दट्ट्या अडकतो. दोन नळ्यांचा शॉकअप असा पोचा पचवतो.

माझं मत स्पष्ट आहे. रोज विरार-वसईत फिरणाऱ्या आणि महिन्यातून एखाद्या वेळी जव्हार-मोखाड्याकडे जाणाऱ्या पाट्यांच्या गाडीला दुसरी जात, म्हणजे कमी दाबाच्या गॅसचा दोन नळ्यांचा शॉकअप, पुरेशी आणि योग्य आहे. दिवसचे दिवस कच्च्या रस्त्यावर, भरलेल्या गाडीने काढायचे असतील तर एका नळीचा विचार करावा.

कडकपणा ठरवताना पाटे पाहायचे. जाड, अनेक पानांच्या पाट्यात घर्षण आधीच भरपूर असतं, त्याला फार कडक शॉकअप नको. कुणी कमी पानांचे पॅराबोलिक पाटे टाकले असतील तर त्यांची पानं फक्त मध्यावर आणि टोकांना टेकतात, घर्षण जवळजवळ नसतंच, आणि जुने शॉकअप त्यांना अपुरे पडतात. मागे कायम सामान, गॅसची टाकी किंवा जड टोइंग हुक असेल तर ते वजन विक्रेत्याला सांगा. आणि एक आग्रह धराच : एका अॅक्सलवर दोन्ही शॉकअप एकदम बदला. एक नवा आणि एक जुना ठेवला तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

कुर्ल्याच्या बाजारात वापरलेले किंवा ‘रिकंडिशन’ केलेले शॉकअप स्वस्तात मिळतात. नळीला भोक पाडून, तेल भरून, झाळून वर रंग मारलेला असतो. आतल्या चकत्या झिजलेल्याच राहतात. ते घेऊ नयेत.

५. टेप घेऊन गाडीखाली जा

गाडीचं मॉडेल सांगून शॉकअप मागणं कंपनीच्या उंचीवरच्या गाडीला ठीक. जुन्या गाडीत मात्र तीन मालकांनी तीन बदल केलेले असतात. तिथे मोजमापच खरं.

गाडी सपाट जागी उभी करून शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या डोळ्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा. समजा ४२० मिमी आलं. आता बंप स्टॉप पाहा, म्हणजे चाक पूर्ण वर आल्यावर अॅक्सल ज्याला टेकतो तो रबरी ठोकळा. त्याच्या आणि अॅक्सलच्या मध्ये ७० मिमी जागा आहे, आणि रबर आणखी १५ मिमी दबेल. म्हणजे डोळ्यांमधलं सर्वात कमी अंतर ४२० वजा ८५, म्हणजे ३३५. त्यात १० मिमी सुरक्षिततेचे सोडा. पूर्ण दाबलेल्या शॉकअपची लांबी ३२५ पेक्षा जास्त नको. जास्त असेल तर बंप स्टॉपच्या आधी शॉकअपच तळाला आपटेल आणि फुटेल.

आता चासीखाली घोडी, म्हणजे गाडी पेलणारा स्टँड, लावून चाक लोंबतं सोडा. अंतर ५०० आलं. ताणलेली लांबी किमान ५१० हवी. तर मागायचा शॉकअप : मिटलेला ३२५, उघडलेला ५१०, धाव (दोन्हींतला फरक) १८५.

इथेच गाडी ५० मिमी उचलणाऱ्यांची गफलत होते. लोंबतं अंतर ५५० झालं, म्हणजे उघडलेली लांबी ५६० हवी. पण कुठलाही शॉकअप मिटल्यावर धावेइतका लांब राहतोच, शिवाय डोळे, सील, दट्ट्या यांची जागा वेगळी. आपल्या उदाहरणात ती १४० मिमी (३२५ वजा १८५). तोच हिशोब लावला तर ५६० च्या शॉकअपची धाव २१० आणि मिटलेली लांबी ३५० येते. आधीच्यापेक्षा २५ मिमी जास्त. म्हणून लांब शॉकअपबरोबर बंप स्टॉपखाली २५ मिमीचा ठोकळा लावावाच लागतो. तो लावला नाही तर नवा शॉकअप पहिल्याच मोठ्या खड्ड्यात जातो आणि दोष कंपनीला लागतो. ब्रेकचा होजही तेवढा लांब आहे का, ते चाक लोंबतं असतानाच पाहून घ्या. शिवाय उंची वाढवणं हा कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीने दिलेली मूळ रचना बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. मूळ मापाचा शॉकअप बदलण्याला कसलीच आडकाठी नाही.

शॉकअप तिरका असेल तर तो कमी काम करतो. उभ्या रेषेपासून ३० अंश कलला की चाक १०० मिमी हललं तरी शॉकअप ८७ मिमीच हलतो, आणि चाकापर्यंत पोचणारा विरोध तीनचतुर्थांश होतो. मूळ जागा सोडून ब्रॅकेट झाळून घेण्याआधी हा आकडा आठवावा.

६. बदलताना

पाट्यांच्या गाडीत हे काम घरच्या आवारात होऊ शकतं, कारण शॉकअप काढला तरी स्प्रिंग सुटत नाही. ज्या गाडीत कॉइल स्प्रिंग शॉकअपभोवतीच बसवलेली असते तिथे मात्र हात घालू नये. दबलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते.

आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. काम सुरू करताना चाकांना लाकडी ओट लावा. गाडी घोडीवर घ्या. नुसत्या जॅकवर सोडून कधीही खाली शिरू नका. विलीस वळणाच्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांना नसून ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. अशा गाडीचं मागचं एक चाक उचललं की डिफरन्शिअलमुळे दुसरं मोकळं होतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. ओट त्यासाठीच. अॅक्सलखाली दुसरा जॅक लावा. शॉकअप सुटला की अॅक्सल आणखी खाली जातो, त्याचा भार ब्रेकच्या होजवर येता कामा नये.

नट फिरताना दांडाही फिरू लागला तर तो पकडीने आवळायचा मोह होतो. जुन्या शॉकअपला चालेल. नव्याच्या क्रोमला पकडीचा एक ओरखडा पडला तरी सील गेलं म्हणून समजा. दांड्याच्या टोकाला पाना बसवायला खाच दिलेली असते, ती वापरायची.

नवा शॉकअप खोक्यात आडवा पडून आलेला असतो, त्यामुळे दोन नळ्यांच्या प्रकारात तेलाच्या वाटेत हवा किंवा गॅस शिरलेला असतो. उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ताणा. सुरुवातीला मध्ये पोकळ लागेल, मग विरोध सलग होईल. ही पायरी गाळली तर ‘नवा शॉकअप खराब निघाला’ म्हणून तो परत दुकानात जातो.

वर दांड्याचा प्रकार असेल तर रबराच्या दोन गाद्या आणि वाट्या येतात. नट इतकाच आवळा की रबर वाटीच्या कडेपर्यंत फुगेल. त्यापुढे आवळलं तर ते महिन्याभरात चिरतं. डोळ्याच्या प्रकारात बोल्ट हलका बसवून गाडी आधी खाली घ्या, चाकांवर वजन येऊ द्या, आणि मगच पूर्ण आवळा. लोंबत्या चाकावर आवळलेलं रबर गाडी खाली घेतल्यावर कायम पिळलेलं राहतं.

शे-दीडशे किलोमीटरनंतर सगळे नट एकदा पाहा. नवं रबर बसतं आणि नट थोडा सैल होतो. पावसाळ्यानंतर नळ्या गोड्या पाण्याने धुवा, गंजलेल्या जागी रंग द्या, पण दांड्याच्या क्रोमला रंग किंवा ग्रीस लावू नका. जुने गॅसचे शॉकअप भंगारवाल्याला देताना त्यात दाब आहे हे सांगून द्या, म्हणजे तो ते गॅस कटरने कापायला घेणार नाही.